लाइट न जाणारं गाव

अंबरनाथला शुक्रवारी सकाळचा चहा होईपर्यंत सगळं ठीक असायचं. मग डोक्यावरचा पंखा हळू व्हायला लागायचा, शेजारच्या रेडिओचा आवाज मधेच तुटायचा आणि आमच्या बुवापाड्याच्या गल्लीत तीन-चार घरांतून एकदम ऐकू यायचं, "गेली रे." कोण गेली ते कुणाला विचारावं लागायचं नाही. इतर दिवशी ती काही तासांसाठी जायची. शुक्रवारी कारखान्यांची सुट्टी, म्हणून दिवसभर जायची.

लोकांनी त्या दिवसाशी जुळवून घेतलं होतं. दळण गुरुवारी आणायचं, पाणी आदल्या रात्री भरायचं. माणसं घरी सापडायची म्हणून मुली बघणं, भांडणं मिटवणं, घराला रंग काढणं हे सगळं शुक्रवारी. माझं काम मात्र शुक्रवारी बंद ठेवता येत नव्हतं, आणि त्या कामावर माझं सगळंच टांगलेलं होतं.

ही दोन हजार सहा-सातची गोष्ट. मी बदलापूरचं सासर सोडून वडिलांकडे परत आले होते. आई आधीच वारली होती, घरात आम्ही दोघंच. माझं काम मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं. अमेरिकेतले डॉक्टर रोग्याला तपासून झालं की जे बोलतात ते रेकॉर्ड होतं, ते नेटवरून माझ्याकडे यायचं. मी हेडफोन लावून ते ऐकायचे, टाइप करायचे आणि संध्याकाळच्या आत परत पाठवायचे, म्हणजे तिकडे सकाळी डॉक्टर दवाखान्यात येईपर्यंत कागद तयार. लग्नाआधी ठाण्याला ऑफिसात जाऊन हेच करायचे, नंतर घरून करायला लागले.

नवऱ्याला ते काम नको होतं. त्याने कधी हात उगारला नाही, शिवी दिली नाही, हे माझा मामा सगळ्यांना सांगत फिरायचा आणि ते खरंही होतं. तो फक्त प्लग काढायचा. मी टाइप करत असले की मागून यायचा, शांतपणे प्लग काढायचा आणि म्हणायचा, वाढ. पहिल्या वेळी मला वाटलं लाइट गेली. पंखा चालूच आहे हे जरा वेळाने लक्षात आलं. मग महिनोन्‌महिने तेच. मी परत आले तेव्हा कपड्यांची बॅग नंतर आणली, आधी कॉम्प्युटर रिक्षात घातला.

बाबांनी मला दारातून आत घेतलं, पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून टाकली. "तुझं काम चालू आहे तोवर कोणाची बोलायची टाप नाही. काम गेलं आणि नुसती बसून राहिलीस, तर तुझ्या मामाला मी काय उत्तर देणार?" हे लग्न मामानेच जमवलं होतं आणि आई गेल्यावर आमच्याकडे त्याचा शब्द मोठा झाला होता. बाबांचा मला राग आला. पण ते खोटं बोलत नव्हते, एवढं मला कळत होतं.

बाबा काड्यापेटीच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. त्यांच्या तोंडी एक शब्द फार पवित्र होता, ड्युटी. आईच्या बाळंतपणातही ड्युटी चुकवली नाही हे ते अभिमानाने सांगायचे आणि आई असेपर्यंत ती ते रागाने सांगायची. माझ्या कामाला मात्र ते टाइपिंग म्हणायचे. मी एकदा सहज म्हटलं, "आज माझी ड्युटी जरा लांबली," तर हसले. "भोंगा झाला की गेटवर उभं राहायचं, त्याला ड्युटी म्हणतात. घरात गाऊनवर बसून होते ते टाइपिंग."

तर शुक्रवार. आधी मी उल्हासनगरहून एक इन्व्हर्टर आणला. त्यावर मेड इन यूएसए असं ठळक छापलेलं होतं. आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं की त्यातला यू उल्हासनगरचा. माझं काम खऱ्या यूएसएचं आणि इन्व्हर्टर आमच्या यूएसएचा, त्यामुळे जे व्हायचं तेच झालं. दोन महिन्यांत तो लाइट गेली की नुसता शिट्टी वाजवायला लागला. एका शुक्रवारी फाइल अर्धी राहिली, पुढच्या महिन्यात आणखी एक राहिली. तिकडे कामं वाटून देणाऱ्या ज्या बाई होत्या, त्यांच्याशी मी फक्त चॅटवर बोलायचे. त्यांनी शांतपणे लिहिलं की तिसऱ्यांदा उशीर झाला तर त्यांना माझं नाव काढावं लागेल. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, पण ते वाक्य मला आवाजासकट ऐकू आलं.

मी माफी मागितली, वीज नसते वगैरे लिहिलं. त्यावर त्यांचं उत्तर आलं ते मला पाठच झालं. तू कुठे बसून काम करतेस याच्याशी मला काही देणंघेणं नाही. जिथे वीज आणि नेट आहे तिथे जाऊन बस. माझ्याकडची एक बाई तर थायलंडमध्ये समुद्रकिनाऱ्यावर राहते, तिला ते आपल्या गावापेक्षा स्वस्त पडतं.

त्यांनी ते सहज लिहिलं असणार. मी ते वाचून उठले, पाणी प्यायले आणि परत येऊन वाचलं. बदलापूरपासून लांब, प्लगजवळ फक्त माझाच हात आणि शुक्रवारीसुद्धा चालणारा पंखा. समुद्राचं मला विशेष काही नव्हतं. समुद्राकडे तोंड करून मी डॉक्टरांचे खोकले ऐकत बसणार होते. पण तिथे वीज आहे, या एका गोष्टीने माझं डोकं धरलं ते सोडेना.

त्या दिवसापासून काम संपलं की मी गाव शोधायला बसायचे. परदेशात बसून नेटवर काम करणारी माणसं आपापसात लिहायची, कुठे खोली स्वस्त, कुठे नेट नीट, कुठे व्हिसा लांबवून मिळतो. बहुतेक गोरी माणसं. त्यांना जे स्वस्त ते मला महाग, म्हणून त्यांनी ज्या गावांची स्तुती केली ती मी सोडून द्यायचे, आणि ज्या गावाला कंटाळवाणं म्हटलं त्याची चौकशी करायचे. कंटाळवाणं गाव मला हवंच होतं.

बाबा मागे खुर्ची ओढून बसायला लागले. आधी चेष्टेसाठी. "समुद्रच पाहिजे तर अलिबागला जा ना." मी सांगितलं की कोकणात लाइट आपल्याहून जास्त जाते आणि नेटचं तर नाव काढू नका. "मग गोवा?" गोव्याला खोली परवडत नाही आणि मामा पहिल्याच रविवारी हजर होईल. त्यांनी समुद्र एकदाच नीट पाहिला होता, कारखान्याच्या सहलीत, अलिबागलाच, आणि तिथे सुरूच्या झाडाखाली झोप लागून त्यांची एक चप्पल हरवली होती. त्यामुळे फोटोतला प्रत्येक किनारा बघून ते म्हणायचे, "झाडं आहेत. चप्पल सांभाळ."

थायलंड म्हटल्यावर मात्र त्यांचा सूर बदलला. आमच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो होता, त्याच्याकडे बघून म्हणाले, "तिथे सगळे आपलेच ना गं?" मी म्हटलं, बाबा, धर्म एक असला म्हणून खोलीचं भाडं कमी होत नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी विहारातल्या दोघांना सांगून टाकलं होतं की पोरगी बौद्ध देशात जायचं बघतेय. मला राग आला, कारण विहारातून ती बातमी मामाकडे जायला वेळ लागणार नव्हता.

आणि एक गाव सापडलं. छोटं, मासेमारीचं, बँकॉकपासून बसने काही तासांवर. त्याचं नाव बाबा एक म्हणायचे, मी दुसरं म्हणायचे आणि पुढे तिथे गेल्यावर कळलं की दोन्ही चूक. एक म्हातारी बाई आपल्या घराच्या वरच्या खोल्या महिन्याने भाड्याने द्यायची. भाडं अंबरनाथच्या वन रूम किचनएवढं. खोलीत टेबल आणि नेटची वायर असल्याचं तिने आपण होऊन लिहिलं. पासपोर्ट माझ्याकडे होता, लग्नाआधी ऑफिसातल्या सगळ्या मुलींनी काढला तेव्हा मीही काढला होता. सुरुवातीला दोन महिन्यांचा व्हिसा, पुढचं पुढे.

मी तिला जो प्रश्न विचारला तो जगात फक्त आमच्या बाजूचं माणूस विचारेल. माझ्या त्या ऑफिसातल्या इंग्रजीत लिहिलं, डू यू हॅव लोडशेडिंग? व्हिच डे? म्हणजे शुक्रवार नाही ना, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. प्रत्येक गावाला एक दिवस असणारच, हे मी धरून चालले होते.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. यस मॅडम, हॅव शेड. एव्हरी डे, ऑल डे. नो चार्ज.

मी दोनदा वाचलं आणि बाबांना वाचून दाखवलं. "रोज," मी म्हटलं. "दिवसभर."

बाबांनी खुर्ची पुढे ओढून पडद्याकडे बघितलं. "आपल्याकडे दिवसभर निदान शुक्रवारीच जाते," म्हणाले. मग जरा थांबून, "पण प्रामाणिक आहे बाई. नो चार्ज म्हणते. इथे लाइट नसते तरी बिल येतं."

मला हसू आलं नाही. मी ते गाव सोडून दिलं. त्यानंतर आणखी गावं बघितली. एका ठिकाणी भाडं दुप्पट, दुसऱ्या ठिकाणी नेट फक्त पोस्टाजवळ, तिसऱ्या ठिकाणच्या माणसाने एकटी आहेस का असं इतक्यांदा विचारलं की मी उत्तर देणंच बंद केलं. आणि शुक्रवार येत राहिले. शुक्रवारी मी रिक्षा करून उल्हासनगरला कॅम्प चार भागातल्या एका सायबर कॅफेत जायचे, कारण तिथे जनरेटर होता. मालक सिंधी काका, स्वभावाने चांगले, पण जनरेटरचा आवाज इतका की डॉक्टर लिव्हर म्हणतोय की फीवर ते मला कळायचं नाही. त्यामुळे ऐकून टाइप करायचं ते गुरुवारी रात्री आलेलं शक्य तितकं घरी, उरलेलं तिथे आणि पाठवायचं तिथून. कसंबसं जमत होतं.

मग मामाचा निरोप आला. येत्या शुक्रवारी तो येणार, बरोबर नवरा आणि नवऱ्याचा थोरला भाऊ. बसून काय ते मिटवू. बाबांनी मला विचारलं नाही, मामाला नाहीही म्हटलं नाही. पाहुणे येणार म्हणून गुरुवारी फरसाण आणलं.

गुरुवारी रात्री मी काम उघडलं तर नेहमीपेक्षा जास्त फाइली होत्या. तिकडच्या बाईंनी लिहिलं होतं, कुणीतरी आजारी आहे, तुझ्यावर भरवसा ठेवतेय. भरवसा हा शब्द नेमका त्याच दिवशी यायचा होता. जेवढं झालं तेवढं केलं. सकाळी पुन्हा बसले आणि चहाच्या वेळेला गल्लीतून आवाज आला, "गेली रे."

ते तिघे आले तेव्हा घरात उकडत होतं. मामाने जयभीम घातला, बाबांनी खुर्च्या मांडल्या. नवरा भिंतीकडे बघत बसला. थोरले दीर चामटोलीला शेती बघायचे, त्यांनी टोपी काढून तिनेच वारा घ्यायला सुरुवात केली. मी पाणी दिलं, फरसाण दिलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. पर्समध्ये पेन ड्राइव्ह होता. त्यात सकाळपर्यंत टाइप केलेलं सगळं होतं, आणि न केलेलंही.

मामाने सुरुवात गोड केली. "दाजी, आपल्यात काय वैर आहे का? दोघं पण चांगली आहेत. आता तर ही परदेशात जायच्या गोष्टी करते असं ऐकलं. समुद्रावर. लोक मला विचारतात, भाची काय करते तिथे जाऊन? मी काय सांगू?"

"टाइपिंग," नवरा भिंतीकडे बघत म्हणाला. तो घरात आल्यापासूनचा त्याचा पहिला शब्द. बाबांचाच शब्द होता तो, पण त्याच्या तोंडून ऐकताना बाबांनी मान वर केली.

बोलणं लांबत गेलं. मी घड्याळाकडे बघत होते. रिक्षा मिळायला वेळ लागायचा, कॅफेत गर्दी असली तर थांबावं लागायचं, राहिलेल्या फाइली त्या जनरेटरच्या आवाजात ऐकायच्या होत्या. मामा म्हणत होता की नवरा मोठ्या मनाने घ्यायला तयार आहे, काम पण चालेल, फक्त घरातलं सगळं उरकून आणि रोज नाही. मला त्यातला एकेक शब्द ऐकू येत होता आणि त्याच वेळी डोक्यात फाइली मोजणं चालू होतं. निघून गेले तर मामाचा अपमान, भावकीत नाव खराब, आणि बाबांनी पुढे कुणाच्या तोंडाकडे बघायचं. थांबून राहिले तर तिसरा उशीर. मग काम नाही, आणि काम नाही म्हटल्यावर मामा म्हणतोय तेच बरोबर ठरणार होतं. त्याला मला हरवायला काही करायचीही गरज नव्हती, फक्त चहा संपेपर्यंत बोलत राहायचं होतं.

शेवटी मी म्हटलं, "मामा, मला जायला लागेल. काम पाठवायचंय."

"आत्ता?" मामा म्हणाला. "आम्ही बसलोय आणि तू चाललीस? दाजी, हे बघा."

थोरले दीर समजुतीने म्हणाले, "अगो, येक दिस नाय केला काम तर काय आभाल पडनार हाय? बस. मानसा आल्यात."

नवऱ्याने फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मला ओळखीची होती. प्लग काढण्याआधीची. हात लावायची गरज नव्हती, लाइट आधीच गेलेली होती.

मी बाबांकडे बघितलं नाही. त्यांनी काय म्हणावं असं मला वाटत होतं ते मलाच कळत नव्हतं. पर्सचा बंद धरून तशीच उभी राहिले. तेवढ्यात बाबांची खुर्ची सरकली. ते उठून दाराकडे गेले, कोपऱ्यातल्या माझ्या चपला पायाने सरळ करून ठेवल्या आणि मामाला म्हणाले, "तिची ड्युटी आहे. जाऊ द्या तिला."

मामाला तो शब्द माहीत होता. त्याच्या बहिणीने जन्मभर त्या शब्दाला नावं ठेवली होती, पण त्याच्या पुढे कधी गेली नव्हती. मी चपला घातल्या आणि निघाले. गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले, मग धावले.

कॅफेत काकांनी मला बघूनच कोपऱ्यातल्या पोराला उठवलं. "बेटी, आज डीज़ल कम है. फटाफट कर." मी फटाफट केलं. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून ऐकायचे, मग हात काढून टाइप करायचे, मग पुन्हा दाबायचे. शेवटची फाइल पाठवली तेव्हा जनरेटर खोकायला लागला होता, काका बाहेर जाऊन त्याच्याशी सिंधीत भांडत होते आणि पडद्यावरची पट्टी एकाच जागी थांबली होती. मी कुणाकडे काही मागत नाही, पण त्या पट्टीकडे मागितलं. ती हलली, पुढे सरकली आणि गेली.

तिकडच्या बाई पहाटे उठायच्या. चॅटवर आल्या, आभार मानले आणि सहज विचारलं, मग बीचचं काय झालं? मी लिहिलं की गाव सापडलं होतं, पण तिथे लोडशेडिंग रोज असतं, दिवसभर.

उत्तर आलं, लोडशेडिंग म्हणजे काय?

मला वाटलं त्या चेष्टा करतायत. मी समजावलं. त्यांनी लिहिलं की हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकलेला नाही, आणि त्या म्हाताऱ्या बाईनेही ऐकलेला नसेल. मी तिचं जुनं उत्तर शोधून काढलं. हॅव शेड. पुन्हा वाचलं. मग तिने पाठवलेले फोटो उघडले, जे मी किनाऱ्यापलीकडे कधी नीट बघितलेच नव्हते. घराच्या बाजूला पत्र्याची छान मोठी शेड होती. तिच्यात दोन स्कूटर, एक होडी आणि गोण्या. तिला वाटलं असणार, या बाईचं सामान फार आहे. रोज, दिवसभर ठेव, पैसे नाही घेणार.

मी तिथे बसल्या बसल्या दुसरी मेल लिहिली. या वेळी साधं विचारायचं ठरवलं, कोणालाही कळेल असं. डज लाइट गो?

काका म्हणाले, पाच मिनट है बेटी. म्हातारी तेव्हा कॉम्प्युटरसमोरच असावी, कारण त्या पाच मिनिटांतच उत्तर आलं. मी ते वाचलं, आणि जनरेटर बंद पडला. अंधारात सगळे ओरडत होते आणि मी हसत होते, हसता हसता रडत होते. काकांनी पाण्याचा ग्लास आणून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

घरी आले तर बाबा दारातल्या पायरीवर एकटे बसले होते. आत खुर्च्या तशाच, फरसाणाला हात लागलेला नाही. मामा या घराची पायरी पुन्हा चढणार नाही म्हणून गेला होता. बाबांनी ते मला सांगितलं. आईच्या माहेरचं तेवढंच एक माणूस उरलं होतं त्यांना. मला फार वाईट वाटलं आणि तसं मी म्हटलंही. ते म्हणाले, "ड्युटी झाली का पुरी?"

"झाली."

मग मी त्यांना शेडची गोष्ट सांगितली. ते आधी नीट समजून घेत होते, समजल्यावर मांडी थोपटून हसले. "आणि आता काय लिहिलंस?"

"लिहिलं, लाइट जाते का. तर म्हणते, लाइट गो व्हेअर? लाइट स्टे हिअर."

"लाइट कुठे जाणार," बाबा हळू म्हणाले, स्वतःशीच. "इथेच असते." पुन्हा एकदा तेच म्हणाले. गल्लीत काळोख पडत आला होता, समोरच्या घरात कुणी मेणबत्ती लावत होतं. "बाई बरोबर बोलते. जा तू तिकडे."

मी म्हटलं, "तुम्ही एकटे राहाल."

"मी काय टाइपिंग करतो का?" ते म्हणाले. "मला लाइट कशाला पाहिजे."

पुढचा सगळा खटाटोप सांगत नाही. व्हिसा, तिकीट, कॉम्प्युटर विकून सेकंडहँड लॅपटॉप घेणं, ते सगळं झालं. विमानतळावर बाबा बाहेरच थांबले आणि चप्पल सांभाळ एवढंच म्हणाले. म्हातारी तशीच निघाली जशी तिच्या इंग्रजीत होती, कमी शब्दांची. खोलीतून समुद्र दिसायचा, अर्धा, कारण अर्धा त्या शेडच्या पत्र्याने झाकलेला होता. मी लॅपटॉप लावला, प्लग भिंतीत घातला आणि पहिले काही दिवस दर थोड्या वेळाने मागे वळून बघत राहिले. मागे कोणी नसायचं.

पहिल्या शुक्रवारी फाइली पाठवून झाल्या तेव्हा तिथे अजून ऊन होतं. पाठवल्यावर काही करायचं उरलं नाही, हेच मला विचित्र वाटलं. धावायचं नव्हतं, कुणाला सांगायचं नव्हतं. मी कोपऱ्यावरच्या टपरीवरून घरी फोन लावला. आमचा घरचा फोन वायरचा, तो लाइट नसताना चालायचा. बाबांनी लगेच उचलला. मी इकडचं तिकडचं सांगत होते, भात चांगला आहे, मासे रोज, विहार तीन आहेत. मधेच ते रिसीव्हर बाजूला करून कुणाशी तरी बोलले, मला फक्त तुटक ऐकू आलं.

"गेली," बाबा म्हणत होते. "येईल."

मला ते घर डोळ्यांसमोर आलं, बंद पंखा, उघडं दार, पायरी. ते परत फोनवर आल्यावर मी विचारलं, "कधी गेली हो लाइट? सकाळीच का?"

"नाही गं," बाबा म्हणाले. "लाइट आहे आज, कशी काय कोण जाणे. तुझा मामा आलाय. तुझं विचारत होता."